स्लॉटमध्ये बसलं म्हणजे चालेलच असं नाही! (नेटवर्कचे प्रश्न, वाचकांचे)

मागच्या अंकात राउटरमध्ये बसणाऱ्या स्विच कार्डांबद्दल (राउटरला वायरीचे जादा पोर्ट देणारी कार्डं) दोन ओळी काय लिहिल्या, या महिन्यात निम्मी पत्रं त्याच विषयावर आली. "माझ्याकडे अमुक कार्ड आहे, तमुक राउटरमध्ये चालेल का" हा एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांतून. म्हणून या वेळी तेच घेतोय, शेवटी एक घरगुती प्रश्नही आहे.

प्रश्न : आमच्या फाउंड्रीच्या ऑफिसात आधी सिस्को २९११ राउटर होता, त्यात ईएचविक-४ईएसजी नावाचं चार पोर्टांचं गिगाबिट स्विच कार्ड होतं. आता राउटर बदलून ४३२१ घेतलाय. जुनं कार्ड चांगलं आहे, टाकून द्यायला जीव होत नाही. दुकानदार म्हणतो दोन्ही सिस्कोच आहे, सॉफ्टवेअर अपडेट मारलं की चालेल. खरंय का? — एक वाचक, कोल्हापूर

नाही चालणार. अपडेट मारा, दोनदा मारा, तरी नाही, कारण अडचण सॉफ्टवेअरची नाहीचे, कार्डाचा मागचा कनेक्टरच वेगळा आहे.

थोडा वंशवृक्ष सांगतो म्हणजे पुन्हा असा प्रश्न पडणार नाही. २००४ साली सिस्कोने १८००, २८००, ३८०० ही राउटरची घराणी आणली, त्यात छोट्या कार्डांसाठी एचविक नावाचे स्लॉट होते. मग २००९ मध्ये १९००, २९००, ३९०० आले, त्यात ईएचविक, म्हणजे सुधारलेला एचविक. ह्या स्लॉटात जुनी एचविक कार्डं बसतात आणि बरीचशी चालतातही, पण उलटं नाही, ईएचविक कार्ड १८४१ किंवा २८११ मध्ये चालत नाही. आणि २०१३ पासून ४००० सीरिज आली, तिथे सगळंच बदललं, स्लॉटचं नाव निम, आकार वेगळा, आतलं वायरिंग वेगळं, आणि चालतं आयओएस एक्सई, म्हणजे सिस्कोच्या आयओएस ह्या ऑपरेटिंग सिस्टिमचा नवा अवतार. तुमचा ४३२१ ह्या तिसऱ्या पिढीतला. त्यात दोन निम स्लॉट आहेत आणि ईएचविक कार्डासाठी जागा एकही नाही. आधी चालत होतं म्हणून पुढेही चालेल हा आपल्याकडचा ठाम समज, तो इथे बरोबर एका पिढीपुरता खरा ठरला आणि मग संपला.

मी हे असं ठामपणे का सांगतोय, तर माझीच एकदा फजिती झालीय. चाकणच्या एका कंपनीत रात्री अकराला डाउनटाइम मिळाला होता, मी पिशवीतून ईएचविक कार्ड काढलं, राउटरची पत्र्याची झाकणी दोन स्क्रू काढून बाजूला केली आणि कार्ड तोंडाशी धरल्यावरच कळलं की रुंदीच जुळत नाहीये. समोर राउटर ४३३१. मला फोनवर सांगितलं होतं "सिस्कोचा राउटर, चार हजारवाला", आणि मी माझ्या डोक्यात २९०० धरून बसलो होतो. सिक्युरिटीवाले काका चहा घेऊन आले तेव्हा मी नुसताच झाकणी परत लावत होतो. तेव्हापासून राउटरचा फोटो मागवल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही, तोही पुढून आणि मागून दोन्ही.

आता तुमचं तुम्ही कसं तपासायचं ते. राउटरला कन्सोलने (लॅपटॉप थेट वायरने जोडून) लॉगिन करून "शो इन्व्हेंटरी" मारा, त्यात पीआयडी म्हणून जे येतं तो खरा मॉडेल नंबर, बाकी खोक्यावरचं, बिलावरचं, दुकानदाराच्या तोंडचं सगळं सोडून द्या. कार्ड हातात असेल तर त्याच्या पट्टीवर बारीक अक्षरात तोच नंबर असतो. मग कंपनीच्या साइटवर डेटा शीट उघडायची, पण राउटरची नाही, कार्डाची! इथे सगळे चुकतात. राउटरच्या डेटा शीटमध्ये "स्विच मॉड्यूल चालतात" असं मोघम लिहिलेलं असतं, कार्डाच्या डेटा शीटमध्ये मात्र तक्ता असतो, कोणत्या राउटरात चालतं, एका डब्यात जास्तीत जास्त किती बसतात आणि कमीत कमी कोणतं आयओएस लागतं. तुमच्या राउटरचं नाव त्या तक्त्यात अक्षरशः दिसलं पाहिजे. "त्याच सीरिजचा आहे ना" हे चालत नाही. आयओएस कोणतं आहे ते "शो व्हर्जन" मध्ये दिसतं, ते तक्त्यातल्यापेक्षा जुनं असेल तर कार्ड बसतं, दिवाही लागतो कधीकधी, पण राउटर त्याला ओळखत नाही. २९११ सारख्या राउटरात "शो डायग" मारलं की अशा वेळी "अननोन" असं काहीतरी येतं. कार्ड बिघडलंय असं समजून लोक परत करायला जातात.

तुम्हाला चार पोर्टच हवे असतील तर ४३२१ साठी निम-ईएस२-४ नावाचं कार्ड आहे. पण खरं सांगू का, मी तुमच्या जागी असतो तर घेतलं नसतं. ४३२१ ची स्वतःची ताकद मुळात ५० एमबीपीएस, लायसन घेतलं की १०० एमबीपीएस. एकाच व्हीलॅनमधल्या (व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर वेगळे पाडलेले नेटवर्कचे गट) दोन कॉम्प्युटरांचं बोलणं कार्डातल्या कार्डात होतं त्याला हरकत नाही, पण अकाउंट्सची व्हीलॅन आणि शॉप फ्लोअरची व्हीलॅन एकमेकांशी बोलायला लागल्या की तो सगळा माल राउटरच्या इंजिनातून जातो आणि तिथे हा ५०-१०० चा नळ आहे. पोर्ट गिगाबिट, नळ पन्नासचा. म्हणजे सर्व्हरवरून मोठी ड्रॉइंगची फाइल ओढली की इंटरनेट पण रखडणार. त्यापेक्षा बाहेर एक लेयर थ्री स्विच (व्हीलॅन-व्हीलॅनमधला माल स्वतःच पोचवणारा) ठेवा, ऑफिसातलं बोलणं तिथेच मिटू दे, राउटरकडे फक्त बाहेर जाणारं पाठवा. जुनं कार्ड विकून टाका, कुणाच्या तरी २९११ मध्ये सुखाने नांदेल.

प्रश्न : दादा, मी सीसीएनएचा (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा) अभ्यास करतोय. लॅमिंग्टन रोडवरून जुना १८४१ आणि एचविक-४ईएसडब्ल्यू कार्ड आणलं. राउटर बंद करून कार्ड लावलं, चालू केल्यावर पोर्ट दिसतात पण आयपी अॅड्रेस द्यायला गेलो की एरर येतो. दुकानदार परत घेत नाही. फसलो का? — एक विद्यार्थी, सोलापूर

नाही रे, फसला नाहीस! कार्ड अगदी ठणठणीत आहे. आणि बंद करून लावलंस हे फार चांगलं केलंस, १८४१ मध्ये चालू राउटरात कार्ड घालायचं नसतं. पॅकेट ट्रेसर ह्या सिस्कोच्या सरावाच्या सॉफ्टवेअरमध्येसुद्धा पॉवर बंद केल्याशिवाय मॉड्यूल टाकू देत नाही ते उगाच नाही.

तू एरर लिहिला नाहीयेस पण मी पैजेवर सांगतो, "आयपी अॅड्रेसेस मे नॉट बी कन्फिगर्ड ऑन एल टू लिंक्स" असाच असणार. शब्दशः खरं बोलतोय राउटर. १८४१ चे स्वतःचे दोन पोर्ट, फास्टइथरनेट ०/० आणि ०/१, ते राउटरचे पोर्ट, त्यांना आयपी देता येतो. कार्डावरचे चार, म्हणजे ०/०/० ते ०/०/३, ते स्विचचे पोर्ट, लेयर टू, म्हणजे आयपी न बघता माल पुढे देणारे. स्विचच्या पोर्टाला आपण आयपी देतो का? नाही, व्हीलॅनला देतो. इथेही तेच. "इंटरफेस व्हीलॅन १" मध्ये जा, तिथे आयपी दे, "नो शटडाउन" कर, एका पोर्टात लॅपटॉप लाव आणि पिंग मार. एकाही पोर्टात चालू वायर नसेल तर व्हीलॅनचा इंटरफेस डाउनच दिसतो, तेव्हा आधी वायर आणि मग चिडचिड.

दुसरी व्हीलॅन करताना आणखी एक ठेच लागेल म्हणून आधीच सांगतो. पुस्तकात "शो व्हीलॅन" लिहिलेलं असतं, ह्या राउटरात "शो व्हीलॅन-स्विच" मारावं लागतं, मधे डॅश. आणि जुन्या आयओएसवर व्हीलॅन बनवायला आधी "व्हीलॅन डेटाबेस" मध्ये जायचं, तिथे बनवून "एक्झिट" करायचं. ती माहिती फ्लॅशमध्ये व्हीलॅन डॉट डॅट नावाच्या फाइलीत बसते, म्हणून तू स्टार्टअप कॉन्फिग पुसून रीलोड केलंस तरी आधीच्या मालकाच्या व्हीलॅन तशाच राहतील. मी एका सेकंडहँड राउटरात कुठल्यातरी हॉटेलच्या सगळ्या मजल्यांची नावं बघितलीयत. ती फाइल डिलीट कर आणि मग सुरुवात कर.

दुसरं तसलंच कार्ड स्वस्तात मिळालं तर घेऊ का असं विचारशील, तर १८४१ मध्ये दोन स्लॉट आहेत खरे, पण ही दोन कार्डं आतून एकमेकांशी आपोआप बोलत नाहीत, एकाच्या पोर्टातून दुसऱ्याच्या पोर्टात बाहेरून वायर टाकावी लागते आणि राउटरला स्टॅकिंगची कमांड देऊन तसं सांगावंही लागतं. आठातले दोन पोर्ट त्यातच गेले. अभ्यासाला मजा म्हणून कर, सोयीसाठी नको. आणि हा राउटर घरच्या इंटरनेटला लावू नकोस, ह्याचे सुरक्षा अपडेट कधीच बंद झालेत, टेबलावरच राहू दे.

प्रश्न : आमच्या शाळेत २९११ आहे. आयपी फोन लावायचे म्हणून शेवटी पी असलेलं ईएचविक-४ईएसजी-पी कार्ड मागवलं, म्हणजे वायरमधूनच करंट जाईल. कार्ड लागलं, कॉम्प्युटर चालतात, फोन मात्र सुरू होत नाहीत. व्हेंडर म्हणतो फोन कॉम्पॅटिबल नाहीत. — एक शिक्षिका, रत्नागिरी

मॅडम, फोनला दोष देण्याआधी राउटर मागून बघा, पॉवर सप्लायवर काय लिहिलंय ते. ह्या कार्डात करंट तयार होत नाही, कार्ड नुसतं वाटप करतं. करंट द्यायला राउटरमध्ये वेगळा पॉवर सप्लाय लागतो, त्याच्या पार्ट नंबरमध्येच शेवटी पीओई (नेटवर्कच्या वायरीतून वीज) लिहिलेलं असतं, २९११ साठी पीडब्ल्यूआर-२९११-पीओई. साध्या सप्लायवर हेच कार्ड नुसतं डेटा कार्ड म्हणून चालतं, म्हणजे अगदी तुमच्याकडे चाललंय तसंच. कार्ड राउटरला कॉम्पॅटिबल, आयओएसला कॉम्पॅटिबल, फक्त पाठीमागून शिधा येत नाहीये. "शो पॉवर इनलाइन" मारायला सांगा कुणाला तरी, उपलब्ध वॅटच्या जागी शून्य दिसलं की वाद मिटला.

आता पुढे काय करायचं, तर तो सप्लाय बदलता येतो, पण ह्या घराण्याचं उत्पादन कंपनीने केव्हाच थांबवलंय, २०१७ च्या डिसेंबरात विक्री संपली आणि २०२२ अखेर सपोर्टही. त्यामुळे सप्लाय मिळेल तो जुन्या बाजारातच, आणि चार फोनांसाठी एवढा खटाटोप करावा असं मला तरी वाटत नाही. एक छोटा पीओई स्विच आणा, त्याच्या एका पोर्टातून वायर राउटरला, बाकीच्यांत फोन. घेताना एवढंच बघा की सगळ्या पोर्टांना मिळून किती वॅट आहेत. जुन्या पीओई प्रमाणात एका पोर्टाला जास्तीत जास्त १५.४ वॅट, पुढच्यात ३०. आठ पोर्टांच्या स्विचवर "एकूण ६० वॅट" असं लिहिलेलं असेल तर आठही पोर्टांना पंधरा-पंधरा मिळणार नाहीत हा हिशेब तुम्ही मुलांना रोज शिकवता.

आणि व्हेंडरला एवढं विचारा, कार्ड मागवताना सप्लाय बघितला होता का? लेखी विचारा.

प्रश्न : मोठं, १६ पोर्टांचं एसएम-ईएस२ मॉड्यूल सेकंडहँड घेतलं, २९२१ मध्ये व्यवस्थित बसलं, पण आत शिरताना पासवर्ड मागतं. राउटरचा पासवर्ड चालत नाही. — एक वाचक, पुणे

बरोबरच आहे, कारण ते कार्ड नाहीये, राउटरच्या पोटात बसलेला अख्खा दुसरा स्विच आहे. त्याला स्वतःचं आयओएस, स्वतःचं कॉन्फिगरेशन, स्वतःचा पासवर्ड. राउटरकडून त्याला फक्त वीज आणि आतली एक जोडणी मिळते. "सर्व्हिस-मॉड्यूल गिगाबिटइथरनेट १/० सेशन" मारून तुम्ही राउटरमधून त्या स्विचच्या दारात जाता, दार उघडायचं की नाही हे तो ठरवतो. छोट्या ईएचविक कार्डांचं तसं नाही, ती राउटरच्याच आयओएसवर चालतात. म्हणून छोट्या कार्डाला राउटरचं आयओएस पुरेसं नवीन हवं, मोठ्याला राउटरचं तर हवंच आणि शिवाय स्वतःचंही धड हवं.

आता पासवर्ड रिकव्हरी करावी लागेल, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये मॉड्यूलप्रमाणे पद्धत दिलीय ती बघूनच करा. पुढच्या वेळी दुकानातच राउटरमध्ये लावून सेशन उघडून दाखवायला सांगा. सेशनमधून बाहेर यायला कंट्रोल-शिफ्ट-६ दाबून मग एक्स, हे माहीत नसलं की माणूस आतच अडकतो आणि शेवटी राउटर बंद करतो. मी केलाय.

प्रश्न : स्विचमध्ये दुसऱ्या कंपनीचं एसएफपी (फायबरची वायर जोडायला पोर्टात बसवायचा छोटा तुकडा) टाकलं तर पोर्टच बंद पडतो. एसएफपी खराब समजायचं का? — एक वाचक, नागपूर

बहुतेक वेळा खराब नसतं, स्विच त्याला ओळख दाखवत नाही. सिस्कोच्या बऱ्याच स्विचेसमध्ये "सर्व्हिस अनसपोर्टेड-ट्रान्सीव्हर" अशी कमांड आहे, प्रश्नचिन्ह दाबून यादीत दिसत नाही पण टाइप केली की घेते, आणि सोबत बजावतेही की पुढे काही झालं तर आमच्याकडे यायचं नाही. मग पोर्ट एकदा शट-नो शट, म्हणजे बंद करून पुन्हा चालू. घरच्या प्रयोगाला ठीक, हॉस्पिटलात किंवा बँकेत नको. आणि त्याआधी साधं बघा, दोन्ही टोकांना एकाच जातीचं एसएफपी आहे का. एका बाजूला एसएक्स म्हणजे ८५० नॅनोमीटर, मल्टीमोड वायर, आणि दुसऱ्या बाजूला एलएक्स, १३१० नॅनोमीटर, सिंगलमोड, असं असेल तर कंपनी एकच असूनही उपयोग नाही.

प्रश्न : मी निवृत्त आहे, हे सगळं वाचून घाबरलो. घरी फायबरचा राउटर आहे, त्याचे चारही पोर्ट भरलेत, टीव्हीला वायर द्यायचीय. राउटरच्याच कंपनीचा स्विच घ्यावा लागेल का? आमचा राउटर तर इंटरनेटवाल्यांनी दिलाय, त्यावर कंपनीचं नावच नाही! — एक आजोबा, ठाणे

आजोबा, वरचं सगळं विसरा. वरची भानगड राउटरच्या पोटात घालायच्या कार्डांची आहे. तुम्ही बाहेरून वायरने जोडणार, आणि वायरीच्या दोन टोकांना कुणाचं काय आहे ह्याला इथरनेटमध्ये महत्त्व नाही. कुठल्याही चांगल्या कंपनीचा पाच किंवा आठ पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच आणा, सेटिंग करायचं नसलेला. राउटरचा एक पोर्ट मोकळा करा, तिथून वायर स्विचला, मोकळं केलेलं यंत्र आणि टीव्ही दोन्ही स्विचला. पूर्वी अशा जोडणीला उलटी वायर लागायची, क्रॉसओव्हर म्हणायचे, आता यंत्रं स्वतःच समजून घेतात, कोणतीही वायर चालते. खोक्यावर १०/१००/१००० असं तिन्ही लिहिलेलं बघा, नुसतं १०/१०० असेल तर तो जुना माल, इंटरनेट दोनशेचं घेतलंत तरी त्यातून शंभरच येणार.

एकच गोष्ट सांभाळा. उरलेली वायर दिसली म्हणून तिची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खोचू नका, किंवा स्विचमधून राउटरला दोन वायरी नेऊ नका. साध्या स्विचला ते कळत नाही, तोच तोच निरोप गोल गोल फिरत राहतो आणि दोन मिनिटांत घरातलं सगळं नेट बसतं, स्विचचे दिवे मात्र वेड्यासारखे लुकलुकत राहतात. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात साफसफाई करताना कुणीतरी लोंबकळती वायर "नीट" खोचून ठेवली होती, इंटरनेटवाल्यांचा माणूस दोन दिवस राउटर बदलत बसला होता.